एका मशीनची रॅम दुसऱ्यात लावल्यानंतर: बिघाड स्टिकमध्ये आहे की बाहेर, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपमधल्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम स्टिक घरच्या मशीनमध्ये लावल्या, तेव्हापासून निळी स्क्रीन येते. स्टिक परत जुन्या मशीनमध्ये लावल्या तर आता तेही मधूनच अडकतं. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात दाखवल्यावर 'रॅम गेली, नवीन घ्या' असं सांगितलं. खरंच गेली का, आणि घरच्या घरी खात्री कशी करायची?

दोन्ही मशीनमध्ये त्रास होतोय म्हटल्यावर संशय स्टिकवर जाणारच, पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही. अदलाबदल करताना बऱ्याच गोष्टी एकदम बदलतात: स्टिक, तिचा स्लॉट, बायोसमधला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या प्रोग्राममधला) वेग आणि व्होल्टेज, शिवाय आत हात घातल्यामुळे ढिल्या झालेल्या वायरी. यातली स्टिक सोडली तर बाकीचं सहसा पैसे न घालवता ठीक होतं. म्हणून सगळी तपासणी एकाच प्रश्नाभोवती फिरवायची: एरर स्टिकच्या मागे जातो, की स्लॉटला चिकटून राहतो? याचं उत्तर मिळेपर्यंत नवीन रॅम विकत घेऊ नका.

आधी एक सावधगिरी. संशयित रॅम लावून मशीन रोजच्यासारखं वापरू नका. डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल आधी रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटा झाला तर फोटो, टॅलीचा डेटा किंवा विंडोजची एखादी फाइल चुकीचीच लिहिली जाते आणि त्या वेळी कुठलाही इशारा मिळत नाही. बॅकअपसुद्धा या स्थितीत घेऊ नका, कारण खराब प्रत चांगल्या प्रतीवर बसते. विंडोज अपडेटही थांबवा. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. पुढे बायोस रिसेट करताना किंवा सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रोग्रामच बूट होऊ देणारी सोय) बंद करताना मशीन ती मागू शकतं, आणि की हाताशी नसेल तर रॅमचा प्रश्न बाजूला राहून डेटाच अडकतो.

मशीन बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शट डाउनमध्ये सिस्टिमचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उठवला जातो. मधल्या काळात हार्डवेअर बदललं की त्यातून विचित्र घोळ होतात. मग भिंतीतली वायर काढा आणि पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा. एटीएक्स पॉवर सप्लाय मशीन 'बंद' असतानाही ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन देत असतो. बोर्डवरचा छोटा दिवा लागलेला असताना स्टिक ओढणं किंवा खुपसणं हा स्टिक मारण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

दुसरा मार्ग स्थिर विजेचा. नागपूरला थंडीत आणि मार्च ते मे या काळात हवा एवढी कोरडी असते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. माणसाला जाणवणारा झटका साधारण ३००० व्होल्टच्या आसपासचा असतो आणि चिपला त्याहून कितीतरी कमी पुरतो. म्हणजे 'मला तर काही जाणवलं नाही' हा पुरावा होत नाही. वायर काढल्यानंतर एक हात कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला टेकलेला ठेवा, म्हणजे तुम्ही आणि बोर्ड एकाच पातळीवर राहता. घरच्या अर्थिंगच्या भरवशावर राहू नका. स्टिक कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. ती इकडून तिकडे नेताना साध्या पन्नीत किंवा बबल रॅपमध्ये गुंडाळू नका, करड्या रंगाची अँटिस्टॅटिक पिशवी वापरा. अशा विजेने चिप लगेचच मरते असं नाही. कधी ती अर्धवट जखमी होते आणि काही आठवड्यांनी त्रास द्यायला लागते, म्हणून 'लावली तेव्हा तर चालली' यालाही फार किंमत देऊ नये.

आता स्टिक हातात घेऊन मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट बघा. सोनेरी पट्ट्यांच्या लगेच वर तांदळाच्या कणीएवढे कपॅसिटर आणि रेझिस्टर ओळीने बसवलेले असतात. स्लॉटच्या क्लिपला किंवा नखाला अडकून त्यातला एखादा उडून जातो आणि मागे दोन चकचकीत ठिपके राहतात. दोन्ही स्टिक एकसारख्या असतील तर शेजारी ठेवून फरक शोधणं सोपं जातं. मात्र काही जागा कारखान्यातच रिकाम्या सोडलेल्या असतात, तेव्हा दुसऱ्या स्टिकवर त्याच जागी भाग आहे का हे बघूनच ठरवा. सोनेरी पट्टीवर तपकिरी किंवा काळा डाग असेल तर बहुधा स्टिक तिरकी बसलेली असताना वीज चालू झाली होती. पट्टी काळी पडून उखडली असेल तर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही, आणि तो स्लॉटही बारकाईने बघावा लागेल.

स्टिकरही वाचा. '१आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही' असं काहीतरी लिहिलेलं असतं: एक रँक (चिपचा एकच गट), आठ-आठ बिटच्या चिप, २६६६ चा वेग. ऑफिसच्या ब्रँडेड मशीनमधल्या स्टिक बहुतेक अशाच साध्या, १.२ व्होल्टवर चालणाऱ्या असतात. घरच्या असेंबल्ड मशीनमध्ये मात्र आधीच्या रॅमसाठी कुणीतरी एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायची बायोसमधली तयार सेटिंग) चालू करून ३२०० आणि १.३५ व्होल्ट ठेवलेलं असतं. काही बोर्ड नवी स्टिक दिसली की स्वतःहून साध्या सेटिंगवर येतात. हाताने आकडे भरलेले असतील तर बरेच बोर्ड तेच पुढे चालवतात. मग २६६६ ची स्टिक ३२०० वर पळते, विंडोज उघडतं, आणि अर्ध्या तासाने निळी स्क्रीन येते. घरच्या मशीनबाबत माझा पहिला संशय यावरच आहे.

सफाईबद्दल. आपल्याकडे खोडरबरने घासायची पद्धत आहे. ती पूर्ण चुकीची नाही, पण सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला की नवा त्रास सुरू होतो. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड वापरा. वरून खाली, एकाच दिशेने पुसा आणि दोन-तीन मिनिटं वाळू द्या. काळपट थर तरीही निघाला नाही तरच मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्यानंतर पुन्हा अल्कोहोलने पुसा. सँडपेपर, टूथपेस्ट, सॅनिटायझर यांच्या वाटेला जाऊ नका. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने उडवा, आत काडी घालू नका. नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो आणि कॅबिनेट बऱ्याचदा कूलरच्या झोतातच ठेवलेलं असतं. ओलसर हवा आणि बारीक धूळ यांचा चिकट थर रिकाम्या स्लॉटमध्ये बसतो, आणि अदलाबदल करताना स्टिक नेमकी त्या कधी न वापरलेल्या स्लॉटमध्ये जाते.

बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरं टोक पूर्ण बसल्याची खात्री डोळ्यांनीच करावी लागते. डीडीआर४ ची खालची कड मुळातच किंचित कमानदार असते, त्यामुळे मधला भाग खोल आणि टोकं थोडी वर दिसली तर घाबरू नका. चार स्लॉट असतील तर एकटी स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते आणि जोडी दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये. हे बोर्डवर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. हात आत आहेच तर साटा केबल (डिस्कची डेटा वायर), डिस्कची पॉवर आणि ग्राफिक्स कार्डही दाबून बघा. जुनं मशीन अडकण्यामागे रॅमऐवजी हलकीशी निसटलेली साटा केबल असणं अगदी शक्य आहे. तिथे निळ्या स्क्रीनऐवजी सगळं दहा-वीस सेकंद गोठून पुन्हा चालू होतं.

यानंतर बायोसमध्ये जाऊन डीफॉल्ट सेटिंग लोड करा, एक्सएमपी बंद ठेवा. बायोसच उघडत नसेल तर वायर काढून सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. पहिल्यांदा चालू करताना मशीन दोन-तीन वेळा स्वतःच बंद-चालू होईल, स्क्रीन काळी राहील. बोर्ड नव्या स्टिकशी वेळेचा मेळ घालत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ वर हे मिनिटाभरात उरकतं, डीडीआर५ वर कधी कधी कित्येक मिनिटं लागतात. या काळात बटन दाबून बंद करणारे लोक चांगली रॅम 'डेड' समजून परत करतात.

आता खरी चाचणी. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक हाताशी असतं, पण त्याची नेहमीची चाचणी वरवरची आहे. वापरायचंच असेल तर चाचणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा. निकाल इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये सापडतो. तिथे एरर दिसला तर तो खरा धरा, दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरवू नका. भरवशाची चाचणी म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट बूट होणारं मेमटेस्ट. याची दोन वेगळी रूपं आहेत. पासमार्क कंपनीचं मेमटेस्ट८६ सिक्युअर बूट चालू असतानाही चालतं, पण त्याची फुकट आवृत्ती चार पासवर थांबते (पास म्हणजे सगळ्या रॅमची एक पूर्ण तपासणी). मेमटेस्ट८६ प्लस पूर्ण मोफत आहे आणि थांबवेपर्यंत चालत राहतं, मात्र त्यासाठी सहसा सिक्युअर बूट बंद करावं लागतं. जुन्या पेनड्राइव्हवर प्लसची ५.०१ आवृत्ती असेल तर ती टाकून द्या, यूईएफआयवर (नव्या पद्धतीच्या बायोसवर) चालणारी आवृत्ती ६ पासून पुढे आली.

पहिली फेरी दोन्ही स्टिक लावून करा. एरर आला की लगेच थांबा आणि पुढे एकेक स्टिक तपासा. जोडी लावलेली असताना दोन्ही चॅनलमध्ये (प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या दोन वेगळ्या वाटांमध्ये) पत्ते, म्हणजे रॅममधल्या जागांचे क्रमांक, आलटून पालटून वाटलेले असतात, त्यामुळे 'एरर ६ जीबीच्या पत्त्यावर आला, म्हणजे पहिलीच स्टिक खराब' हा हिशेब चुकतो. पहिली स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये. नंतर दोन्ही आळीपाळीने चौथ्या स्लॉटमध्ये. अशा चार फेऱ्या होतात. प्रत्येकीचा निकाल आणि फोटो जपून ठेवा. ८ जीबीच्या एका पासला मशीनच्या वेगाप्रमाणे साधारण अर्धा ते एक तास लागतो. पहिला पास मुद्दाम धावता ठेवलेला असतो, म्हणून एका पासवर खूश होऊ नका. निदान चार पास करा, आणि ज्या स्टिकवर संशय आहे तिला रात्रभर लावून ठेवा. रात्री लाइट जात असेल तर यूपीएसवर, नाहीतर सकाळी रिकामी स्क्रीन बघायला मिळेल.

किती एरर चालतात? एकही नाही. साध्या सेटिंगवर, ठीक बसवलेल्या स्टिकला एकसुद्धा एरर आला तर तिथे काहीतरी गडबड आहे. याला एकच अपवाद आहे. पासमार्कच्या आवृत्तीत १३ व्या क्रमांकाची 'हॅमर' चाचणी असते. ती चिपमधल्या ठरावीक ओळी अतिशय वेगाने पुन्हापुन्हा उघडून शेजारच्या ओळीतले बिट उलटतात का ते बघते. हा दोष २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सर्वांना माहीत झाला आणि तो चिपच्या दाट रचनेतून येतो. फक्त याच चाचणीत एरर येत असेल तर घरगुती वापरासाठी स्टिक फेकायचं कारण नाही. हिशेबाच्या किंवा सर्व्हरच्या मशीनमध्ये मात्र मी ती ठेवणार नाही.

एररची ओळ वाचायला शिकलात तर अर्धं निदान तिथेच होतं. इथले आकडे १६ च्या पायाच्या (हेक्स) पद्धतीत असतात. समजा अपेक्षित आकडा ०००००००० आहे आणि प्रत्यक्षात ०००४०००० आला. फरक फक्त एका बिटाचा आहे, शून्यापासून मोजला तर १८ वा. ६४ डेटा लाइन आठ-आठच्या गटात आठ चिपमध्ये वाटलेल्या असतात. १८ वा बिट १६ ते २३ च्या गटातला, म्हणजे एका ठरावीक चिपच्या वाट्याचा. आता पत्ता बघा. दर पासला तोच पत्ता आणि तोच बिट येत असेल, आणि स्लॉट बदलल्यावरही बिट तोच आणि पत्ता तोच किंवा त्याच्या आसपासचा राहत असेल, तर त्या चिपमधली पेशी (एक बिट साठवणारी जागा) मेली आहे. हा स्टिकचा पक्का बिघाड झाला, सफाईने जाणार नाही. बिट तोच पण पत्ते संपूर्ण रॅमभर विखुरलेले असतील तर पेशी नव्हे, त्या बिटाची वाट खराब आहे: मळलेली पट्टी, स्लॉटमधली वाकलेली पिन किंवा उडालेला रेझिस्टर. इथे सफाई आणि स्लॉटबदल यांचा गुण येतो. पहिल्या काही सेकंदांतच हजारो एरर, तेही सगळ्या बिटांत, असं दिसलं तर बारीक दुखापत नसते, बहुधा चुकीचा वेग, कमी व्होल्टेज किंवा अर्धवट बसलेली स्टिक असते.

दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये पास होत असतील तर दोष बोर्डच्या बाजूला आहे. स्लॉट साफ करा. फरक पडला नाही तर प्रोसेसरच्या सॉकेटकडे बघावं लागतं, कारण आजच्या मशीनमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. सॉकेटची एक पिन वाकली किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले तरी एक चॅनल गळतो. अदलाबदलीच्या वेळी कूलरही काढला होता का, हे आठवून बघा. एकेकट्या स्टिक सगळीकडे पास आणि जोडीत नापास, असं असेल तर रॅम निर्दोष मानून वेग एक पायरी खाली आणा. वेगवेगळ्या कंपनीच्या किंवा एक रँक आणि दोन रँकच्या स्टिक एकत्र असताना हे वारंवार दिसतं.

सगळं पास झालं तरी नागपूरकरांसाठी एक चाचणी उरते, ती गरमीची. डीरॅमची (याच प्रकारच्या रॅमची) पेशी म्हणजे गळका कपॅसिटर, तिच्यातला चार्ज दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. म्हणूनच चिप ८५ अंशांच्या वर गेली तर हा काळ निम्मा, ३२ मिलिसेकंद करायचा नियम आहे. निरोगी स्टिकला नवतप्यातली (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या दिवसांतली) ४५ अंशांची दुपारही काही करत नाही, कारण खोलीत ४० आणि कॅबिनेटमध्ये ५०-५५ झालं तरी मर्यादा लांब असते. जखमी पेशी मात्र जानेवारीच्या सकाळी चार पास सहज काढते आणि मेमध्ये पडते. तेव्हा मेमटेस्ट कॅबिनेटचं झाकण लावून, दुपारी, एसी बंद ठेवून चालवा. मेमटेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड थंडच असतं, म्हणून नंतर विंडोजमध्ये ओसीसीटीसारख्या प्रोग्रामने मेमरी आणि ग्राफिक्स दोन्हींवर एकदम तासभर भार टाका. लिनक्स असेल तर स्ट्रेसअॅपटेस्ट चांगलं आहे. हेअर ड्रायरने स्टिक तापवायचे प्रयोग करू नका, एका जागी किती तापमान गेलं हे कळत नाही आणि ती गरम हवा कोरडीही असते.

स्टिक दोन्ही मशीनमध्ये, दोन्ही स्लॉटमध्ये, थंड-गरम दोन्ही वेळी पास झाल्या तर त्यांना सोडून द्या आणि पॉवर सप्लाय, एसएसडी, ड्रायव्हर यांच्याकडे वळा. 'मेमरी मॅनेजमेंट' नावाची निळी स्क्रीन ड्रायव्हरमुळे किंवा खराब डिस्कमुळेही येते, नावावर जाऊ नका.

रॅम दोषी ठरली तर ती काढून, चांगली स्टिक लावून, पुन्हा एक पूर्ण मेमटेस्ट करून मगच विंडोज उघडा. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिझम रिस्टोअरहेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ या विंडोजच्या फाइल दुरुस्त करणाऱ्या कमांड चालवा. चेकडिस्क (डिस्क तपासणारी कमांड) आधी दुरुस्तीशिवाय, फक्त वाचून बघा. बिघाडाच्या काळात सेव्ह केलेल्या महत्त्वाच्या फाइल्स उघडून तपासा, झिप असतील तर टेस्टचा पर्याय वापरा. त्याआधीचा बॅकअप असेल तर त्याच्यावर नवीन काही लिहू नका.

वॉरंटीसाठी स्टिकवरचं स्टिकर काढू नका, त्यावरच्या सिरियल नंबरावर सगळं अवलंबून असतं. एकेकटी स्टिक, डीफॉल्ट सेटिंग आणि एरर एकाच फोटोत दिसतील असा पुरावा द्या. स्टिक जोडीच्या किटमध्ये घेतल्या असतील तर बऱ्याचदा दोन्ही परत मागतात, म्हणून त्या दिवसांसाठी दुसऱ्या रॅमची सोय आधीच बघून ठेवा. स्टिक ऑफिसच्या मालकीच्या आहेत, तेव्हा वॉरंटीचं बिल ऑफिसच्या नावावर असेल, हेही लक्षात असू द्या. बदलून आलेली स्टिक नवीनच असेल असं नाही, तीही लावण्याआधी चार पास करूनच घ्या.